कर्नल, काका आणि एक रोडकं कार्ड

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे कर्नल अपडेट आणि हार्डवेअर ड्रायव्हर. जांभई आली असेल तर खुशाल द्या, पण लगेच पळू नका. या गोष्टीत पुढे रक्त आहे. (खरंच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं.)

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली. म्हणजे त्या तारखेनंतर तिला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं. ती ज्या ३.१० कर्नलवर बेतलेली होती, तो लिनस टॉरवाल्ड्सने प्रसिद्ध केला होता ३० जून २०१३ ला. तारखेला तारीख, बरोब्बर ११ वर्षं. मूळ ३.१० ची देखभाल तर २०१७ मध्येच थांबली होती. त्यापुढे रेड हॅटची माणसं नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या मागे आणून त्याच जुन्या आकड्याखाली भरत राहिली, आणि सेंटओएसला त्या आयत्या मिळत राहिल्या. एखादी गोष्ट ११ वर्षं न कुरकुरता चालली की माणूस तिला फर्निचर समजायला लागतो.

असं एक फर्निचर धरमपेठेत माझ्या काकांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतं. २०१३ साली घेतलेला एक टॉवर सर्व्हर, काउंटरच्या खाली, यूपीएसच्या शेजारी. आत दोन डिस्क, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणारं एक रेड कार्ड, आणि चार सीरियल पोर्टचं आणखी एक कार्ड. त्या चार पोर्टांना लॅबची चार यंत्रं जोडलेली: सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचं यंत्र, इलेक्ट्रोलाइटचं यंत्र, आणि एचपीएलसी.

हे शेवटचं यंत्र महत्त्वाचं. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, पण काकांकडे हे रुग्ण त्याच्या कितीतरी आधीपासून येतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार किती टक्के आहेत ते एचपीएलसी सांगतं. हायड्रॉक्सीयुरिया चालू असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन एफ गेल्या वर्षी किती होतं आणि आता किती आहे, यावर डॉक्टर औषधाचा अंदाज बांधतात. म्हणजे एकटा आजचा आकडा अर्धाच कामाचा. त्याच्यामागचे सगळे आकडे त्या फर्निचरमध्ये होते.

काका एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण चिडले की थेट नागपुरीवर येतात. मी सर्व्हर बदलायचा विषय काढला तेव्हा उत्तर आलं, "कायले हात लावतं बे त्याले? चालून राह्यलं न!"

आता याला मी काय सांगणार? या एका वाक्यात आमच्या अख्ख्या धंद्याचा वाद आहे. चालतंय त्याला हात लावू नये, हे आम्हालाही पहिल्या नोकरीत शिकवतात. त्यात मी मिहानमध्ये बसून जे सर्व्हर सांभाळतो ते सगळे क्लाउडवरचे. तिथे मशीन खोटं, डिस्क खोटी, नेटवर्क कार्ड खोटं, आणि त्या खोट्या हार्डवेअरचे दोनचार ड्रायव्हर प्रत्येक कर्नलमध्ये आधीपासूनच असतात. अपडेट बिघडला तर मशीन फेकून द्यायचं आणि दुसरं उभं करायचं. माझ्या पिढीतल्या किती 'लिनक्स एक्स्पर्ट' लोकांनी रेड कार्ड हातात धरून पाहिलंय, हा प्रश्न एकदा ऑफिसात विचारून बघा. आमच्या टीममध्ये नऊपैकी दोन हात वर आले.

तर, सर्व्हरवर लॉगिन केलं. मशीन ६१२ दिवसांपूर्वी शेवटचं सुरू झालेलं! जुन्या जमान्यात हे मिरवायचे लोक. पण त्याचा दुसरा अर्थ बघा. कर्नलचे अपडेट इमानदारीने येऊन डिस्कवर बसत होते, पण रीबूटच झालेला नसल्यामुळे प्रत्यक्ष चालत होता ६१२ दिवसांपूर्वीचा कर्नल. बाकीचे नुसते बूट विभागात रांग लावून बसलेले. कर्नल अपडेट झाला असं वाटणं आणि होणं यात एक रीबूट असतो, आणि तो करायला कोणी धजत नाही.

आणि हे मशीन काही कपाटात बंद नव्हतं. रिपोर्टच्या पीडीएफ त्यावरूनच रुग्णांना जायच्या, आणि लॅबचं सॉफ्टवेअर देणाऱ्या मंडळींनी दुरून मदत करता यावी म्हणून एक दार उघडं ठेवलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर काम करावं लागलं, ते आठवत असेल. मी काकांना तेवढंच आठवण करून दिलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, "रविवारी दुपारी लॅब बंद असते."

अशा मशीनवर आधी काही इन्स्टॉल करायचं नसतं. पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम तात्पुरती चालवून बघायची आणि तिला कोणतं हार्डवेअर दिसतंय ते पाहायचं. माझ्याकडे अल्मालिनक्स ८ ची जुनी पेनड्राइव्ह होती. (सेंटओएस ८ वर जायचा प्रश्नच नव्हता. तिची मुदत ७ च्या आधीच, २०२१ च्या शेवटी संपवली गेली. धाकटी आधी गेली, थोरली राहिली.) पेनड्राइव्हवरून मशीन छान सुरू झालं, आणि डिस्क? एकही नाही. जणू त्या सर्व्हरला डिस्क नावाची गोष्ट कधी नव्हतीच.

एलएसपीसीआय चालवलं. कार्ड यादीत होतं. नावापुढे त्याचा क्रमांक: १०००:००७३. पण त्याच्याखाली 'कोणता ड्रायव्हर वापरात आहे' ही जी ओळ येते, ती गायब.

इथे ज्यांना ड्रायव्हर म्हणजे फक्त ओलावाला वाटतो त्यांच्यासाठी दोन शब्द. पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डावर दोन आकडे कोरलेले असतात: एक कंपनीचा, एक त्या वस्तूचा. १००० म्हणजे एलएसआय, ०००० ते एफएफएफएफ मधला दुसरा आकडा म्हणजे कोणतं मॉडेल. प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात एक यादी असते की मी अमुक अमुक आकड्यांची कार्डं सांभाळतो. मशीन सुरू होताना कर्नल कार्डाचा आकडा वाचतो आणि तो ज्याच्या यादीत आहे त्या ड्रायव्हरच्या हवाली ते कार्ड करतो. वधू-वर सूचक मंडळासारखंच, फक्त पत्रिका हेक्साडेसिमलमध्ये.

माझ्या कार्डाचा ड्रायव्हर मेगारेड-एसएएस. तो त्या पेनड्राइव्हवर होता! त्या चिपशी कसं बोलायचं ते सांगणारा कोडही त्यात होता. नव्हती ती यादीतली एक ओळ. रेड हॅटने २०१९ च्या मे महिन्यात आरएचईएल ८ काढलं तेव्हा या ड्रायव्हरच्या यादीतून जुन्या कार्डांचे काही आकडे वगळले. तशी यादी त्यांनी कागदोपत्री जाहीरही केली होती. त्यात ००७३ आहे, आणि त्याचं कोडमधलं नाव आहे 'स्किनी'. स्वस्तातलं, स्वतःची मेमरी नसलेलं कार्ड म्हणून असेल बहुधा. अल्मालिनक्स म्हणजे आरएचईएलचीच प्रतिकृती, त्यामुळे तिथेही आमच्या रोडक्याला दार बंद.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण नंतर विचार केला तर ही बाजू मला पटते. कंपनी जेव्हा दहा वर्षांचा पाठिंबा विकते, तेव्हा प्रत्येक नव्या कर्नलवर ते कार्ड खरोखर मशीनमध्ये बसवून, डिस्क ओढून काढून, लाईट घालवून तपासण्याचं वचन ती देत असते. जे कार्ड बाजारात मिळत नाही, जे बनवणारी कंपनीच विकली गेली, ते कोण तपासणार? आणि न तपासता 'चालतं' म्हणणं म्हणजे पॅथॉलॉजिस्टने स्लाइड न बघता सही करण्यासारखं आहे. (हा दृष्टान्त काकांना लगेच पटला.)

कर्नलमध्ये आज ३ कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ड्रायव्हरच्या आहेत. त्या प्रत्येकामागे कोणीतरी माणूस लागतो, आणि त्या माणसाकडे ती वस्तू लागते. फ्लॉपीचं उदाहरण मला फार आवडतं. २०१९ साली फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर 'अनाथ' असा शिक्का बसला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. ड्रायव्हर उडवला नाही, पुढे दुसऱ्या एकाने तो दत्तकही घेतला. पण तोवर त्याचं भवितव्य टांगणीला होतं. भावनेला इथे जागा नाही. लिनसने १९९१ साली पहिलं लिनक्स लिहिलं ते ३८६ प्रोसेसरवर, आणि त्याच ३८६ चा पाठिंबा २०१३ च्या ३.८ कर्नलमधून काढून टाकला गेला.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईतून (आजचं व्हीएनआयटी) १९६५ साली इंजिनिअर झालेल्या विजय भटकरांनी पुण्यात सी-डॅकमध्ये उभा केलेला परम ८०००, १९९१ चाच. तो ट्रान्सप्यूटर नावाच्या ब्रिटिश चिपवर बेतलेला होता. त्या चिपची पुढची पिढी रखडली आणि वाट खुंटली. १९९४ च्या परम ९००० मध्ये सी-डॅक स्पार्क प्रोसेसरवर गेलं. म्हणजे महासंगणकवाल्यांनासुद्धा तीन वर्षांत विचार करावा लागला की ज्या चिपवर आपण उभे आहोत, ती उद्या कोण बनवणार? आमच्या काउंटरखालच्या डब्याची काय कथा!

असो. परत धरमपेठेत.

मार्ग तीन होते. एक, नवा सर्व्हर. दीड लाखाचं कोटेशन आलं होतं आणि काकांचा चेहरा त्या कोटेशनसारखाच झाला होता. दोन, तो वगळलेला आकडा परत घालणारे लोक शोधायचे. ते आहेत! ईएलरेपो नावाचा प्रकल्प नेमकं हेच करतो, अशा टाकून दिलेल्या कार्डांसाठी ड्रायव्हर बांधून देतो. आणि अल्मालिनक्सवाल्यांनीही मे २०२४ च्या ९.४ आवृत्तीत असे बरेच आकडे परत घेतले. तीन, अशा सिस्टिमवर जायचं जिने ते आकडे कधी वगळलेच नव्हते. मूळ कर्नलमधून ००७३ कधी गेलाच नव्हता. डेबियन तो मूळ कर्नल जवळजवळ जसाच्या तसा घेते.

मी तिसरा निवडला. दुसरा चुकीचा नाही, पण त्यात प्रत्येक कर्नल अपडेटला एका जास्तीच्या माणसावर विसंबावं लागतं. डेबियन १२ ची पेनड्राइव्ह केली, ६.१ कर्नल सुरू झाला, आणि दोन सेकंदांत डिस्क हजर. एरवी डेबियनवर नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर वेगळं शोधून आणावं लागायचं, पण २०२२ साली त्यांच्या सभासदांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं, त्यामुळे तीही कटकट वाचली.

आता सीरियल कार्ड. याची तऱ्हा बरोबर उलटी. त्याच्या डब्यात एक सीडी होती, सीडीत ड्रायव्हरचा सोर्स कोड, आणि जो कोणी पूर्वी येऊन गेला त्याने तो ३.१० वर बांधून ठेवलेला. तो ६.१ वर बांधायला घेतला तर चुकांचा पाऊस. टायमर लावायची जी जुनी पद्धत त्यात होती ती ४.१५ मध्ये काढली गेली. वापरणाऱ्याची मेमरी तपासणारं जे फंक्शन तीन गोष्टी मागायचं, ते ५.० पासून दोनच मागतं. कर्नलवाले आपल्या बाहेरच्या दाराला, म्हणजे प्रोग्रॅम ज्या वाटेने कर्नलशी बोलतात तिला, हात लावत नाहीत. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे हा लिनसचा हट्ट आहे. पण आतल्या भिंती ते वाटेल तेव्हा पाडतात, आणि पाडणार असं ग्रेग क्रोआ-हार्टमनने कर्नलच्या कागदपत्रांतच लिहून ठेवलंय. ड्रायव्हर कर्नलच्या घरात असेल तर भिंत पाडणाराच त्याची खोली नीट करून देतो. बाहेर सीडीवर असेल तर त्याला कोण विचारतो?

मी त्या कोडशी तासभर झटापट केली. काकू चहा ठेवून गेल्या, तो थंड झाला. मग सुचलं की ही सीडी बाजूला ठेवून नुसतं बघू तरी नवा कर्नल काय म्हणतो. तर त्याने कार्ड केव्हाच ओळखलं होतं! त्यावरची चिप जुन्या १६५५० घराण्यातली, आणि त्या घराण्याचा ८२५० नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये जुन्या काळापासून आहे. मधल्या दहा वर्षांत कोणीतरी, कुठेतरी, या कार्डाचा आकडा त्या यादीत घालून ठेवला होता. एका कार्डाची ओळ गेली, दुसऱ्याची आली.

फक्त चार पोर्टांपैकी तीनच दिसत होते. हे मात्र कुणाला अडलं तर कामी येईल म्हणून लिहून ठेवतो. डेबियनचा कर्नल सुरुवातीला चारच सीरियल पोर्टांची जागा राखतो. एक पोर्ट मदरबोर्डवर, तीन कार्डावरचे, झाले चार. पाचव्याला जागा नाही म्हणून तो मुकाट बाहेर. बूटच्या ओळीत ८२५०.एनआर_यूएआरटीएस=८ असं घातलं की पाचवाही येतो. (अर्थात इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत.)

२३ जूनच्या रविवारी जुन्या दोन्ही डिस्क काढल्या, त्यांवर चिठ्ठी लावून काकांच्या लोखंडी कपाटात ठेवल्या, आणि दोन नव्या डिस्कवर सगळं उभं केलं. काही बिघडलं तर जुन्या डिस्क परत बसवायच्या, एवढाच आमचा डिझास्टर रिकव्हरी प्लॅन.

पण खरी धाकधूक नंतरची. पोर्ट दिसतो म्हणजे त्यातून येणारा आकडा बरोबर असतो असं कोण म्हणालं? महिन्याभरापूर्वीच नागपुरात ५६ अंश तापमानाची नोंद झाली म्हणून देशभर बातम्या झळकल्या होत्या, आणि नंतर हवामान खात्याने तपासलं तर सेन्सरच बिघडलेला. (२३ मे २०१३ चे ४७.९ अंश पुरेसे आहेत हो आम्हाला.) तिथे निदान आकडा बघून हसू तरी येतं. हिमोग्लोबिन एफ १८.२ च्या जागी १.८२ आला तर कोणाला हसू येणार नाही, कारण तोही आकडा दिसायला अगदी सभ्य असतो.

म्हणून काकांनी आणि मी यंत्रांच्या मेमरीतले जुने निकाल पुन्हा पाठवले. काका यंत्राच्या कागदी पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचणार, मी पडद्यावरचा ताडून बघणार. चार यंत्रं, प्रत्येकी २५ निकाल. रात्रीचे साडेदहा झाले. इलेक्ट्रोलाइटच्या यंत्राची तारीख महिना-दिवस उलटी येत होती, ती सापडली. बाकी शंभर टक्के जुळलं. स्वतःचं सगळं आयुष्य कोडमध्ये काढलेल्या मला, कोणीतरी माणूस मोठ्याने आकडे वाचतोय आणि आपण 'हो, हो' म्हणतोय, यापेक्षा चांगली टेस्टिंग अजून सापडलेली नाही.

त्यानंतरचं सांगायचं तर फारसं काही नाही. महिन्यातून एका रविवारी अपडेट आणि लगेच रीबूट. नवा कर्नल थेट नेमायचा नाही, ग्रबला 'फक्त या वेळेपुरता' म्हणून सांगायचा, आणि तो कोसळला तर दहा सेकंदांनी आपोआप रीबूट होईल अशी सोय ठेवायची. म्हणजे मशीन जुन्यावर परत येतं आणि मला शनिवारी रात्री झोप लागते. कर्नलच्या त्रुटींच्या बातम्या वाचून मात्र घाबरत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देतात, त्यामुळे वर्षाला हजारोंनी निघतात. एकेक मोजत बसण्यापेक्षा महिन्याचा रविवार पाळणं सोपं.

डेबियन १२ ला २०२८ च्या जूनपर्यंत दुरुस्त्या मिळतील. तोवर हे मशीन १५ वर्षांचं झालेलं असेल. २०२५ मध्ये आलेलं आरएचईएल १० तर त्याचा प्रोसेसरच नाकारतं, त्यात एव्हीएक्स२ नाही म्हणून. काकांनी नव्या सर्व्हरसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. मी तोवर एक जुनं स्किनी कार्ड सेकंडहँड मिळवून त्याच लोखंडी कपाटात ठेवलंय, १८०० रुपयांना.

गेल्या महिन्यात एक नवं एचपीएलसी दाखवायला विक्रेत्याचा माणूस लॅबमध्ये आला होता. टॅबलेटवर रंगीत आलेख वगैरे दाखवले त्याने. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, की सीडीवर देता?" तो मुंबईला विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.